देणाऱ्यासमोर उघडायचं नाही

प्रिय आत्या,

तुझं पुडकं अखेर आज उघडलं, म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला माझ्याकडून ठाण्याला परत जाताना दुबई विमानतळावर तू माझ्या हातात कोंबलंस ना, तेच. "घरी जाऊन उघड, माझ्यासमोर नको," म्हणालीस. सुट्टीच्या दिवशी निवांत उघडू म्हणून मी ते कपाटात ठेवलं, आणि त्याआधीच तू गेल्याचा ठाण्याहून फोन आला. मग धीरच होईना. ते उघडलं असतं तर तुझ्याकडून यायचं काही उरलंच नसतं!

काय तुझा तो नियम! देणाऱ्यासमोर उघडायचं नाही, दिसतं कसं! वाढदिवसाला आलेले पाहुणे जिना उतरेस्तोवर आम्ही पोरं ताटकळत उभी. मग तू ब्लेडने सेलोटेप कापणार, कागदाची घडी घालणार आणि ती गादीखाली सरकवणार. किती कागद होते गं त्या गादीखाली?

पण माझ्या पहिल्या पगारातून आणलेल्या मोत्यांच्या कुड्यांनाही तोच नियम? "कशाला खर्च केलास," म्हणत तू डबी तशीच आत ठेवून दिलीस. पुढे त्या तुझ्या कानात कधी दिसल्या नाहीत. आवडल्या नाहीत का? मी तुझीच भाची, विचारणार कशी!

आज एक्स्पोमध्ये डच आणि जपानी मंडळींचा एकत्र कार्यक्रम होता, व्यवस्था आमच्या टीमकडे. लाकडी बूट घालून नाचणाऱ्या डच मुली आणि साथीला जपानी ढोल! इतकं झकास जमलं की पुढच्या रांगेतले अरब आजोबाही पायाने ठेका धरून होते. शेवटी भेटींची देवाणघेवाण. डच बाईंनी स्टेजवरच कागद टराटरा फाडला आणि आतला पंखा बघून लहान मुलीसारख्या किंचाळल्या. जपानी आजोबांनी मात्र त्यांची भेट दोन्ही हातांनी घेतली, वाकले आणि तशीच बाजूला ठेवली. बाईंचं तोंड एवढंसं झालं.

विंगेत त्यांनी मला विचारलं, "डिडंट ही लाइक इट?"

"मॅडम, आमच्या घरी पण सेम. देणाऱ्यासमोर उघडत नाहीत."

जपानी आजोबांनी ऐकलं. "आवडलं नाही तर चेहऱ्यावर दिसतं. देणाऱ्याला ते कशाला दाखवायचं?" ते इंग्रजीत सावकाश म्हणाले.

"आणि आवडलं तर?" बाई म्हणाल्या. "तेही मी बघायचं नाही?"

आजोबांनी भेट पुन्हा हातात घेतली. मग तिथेच खुर्चीत बसून त्यांनी कागद अलगद सोडवला. आत निळी-पांढरी बशी होती. त्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! आणि बाईंचा त्याहून जास्त. "यल्ला मृणाल, चल लवकर, ग्रुप फोटो!" असं स्टेज मॅनेजर ओरडला तरी मी आपली बघतच उभी.

घरी आले ती थेट कपाटापाशी. मी पुडकं हातात धरून बसलेली, तर लेक म्हणते, "मम्मा, जस्ट ओपन इट ना!"

आत फ्रेम, आणि फ्रेममध्ये तू. चक्क स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो! ठेवणीतली पैठणी, तोंडाला पावडर, आणि कानात माझ्या कुड्या. आणि हसतेस केवढी! पुढचा दात पडल्यापासून फोटोत ओठ मिटून घेणारी तू!

आवडल्या होत्या तर! मग हे तोंड तेव्हाच दाखवलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? थोडी रडले. पण हसले जास्त. लेकही हसली.

आता तुला शब्द देते. यापुढे कुणी काही दिलं तर मी ते देणाऱ्यासमोरच उघडेन, तू कितीही डोळे वटारलेस तरी. कागद मात्र फाडणार नाही. तुझ्या पुडक्याचा आहे ना, तो घडी घालून गादीखाली ठेवलाय.

तुझी लाडकी भाची,
मृणाल