वीसपैकी वीस चूक

९ सप्टेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, स्वेटर नीट विणलाय, मीच फुगलेय.

आमच्या शाळेत आता गणित टॅब शिकवतो, मी चार्जिंग बघते. बरोबर उत्तराला चांदणी, चुकलं की हत्ती धपकन चिखलात. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक मुलाचा एक चौकोन, हिरवा नाहीतर लाल. लाल दिसला की मुख्याध्यापक सगळ्यांदेखत विचारतात, "काय बाई, वर्गाला गोवर आलाय वाटतं?"

तिसरीतली एक मुलगी आठवडाभर लालच. गुरुवारी तपासणीला साहेब यायचे होते. वीस प्रश्न, वीसही चूक, वर खुदुखुदु हसणं. मी टॅब हिसकावला आणि...

तिच्या तोंडावर हाणला. कडेने. दोनदा. दात बाकावर पडला, ओठ फाटून लोंबायला लागला. हातातला रक्ताने माखलेला टॅब लाडात म्हणाला, "छान प्रयत्न! पुन्हा करून बघू या!" मुख्याध्यापक धावत आले. त्यांनी आधी काच पाहिली, मग पोर.

तिच्या शेजारची रडत म्हणाली, "बाई, तिला सगळं येतं. तिला हत्ती पडलेला आवडतो."

खरंच की. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी विसांत पाचेक बरोबर येतात. वीसच्या वीस चुकवायला वीसही यावे लागतात. बावीस वर्षं गणित शिकवतेय म्हणे मी.

दवाखान्यात मुलगी आईला म्हणाली, "बाकावरून पडले." मुख्याध्यापक खूश. "पोर समजूतदार आहे हो. जबाब टाइप करून ठेवलाय, तुम्ही नुसती सही ठोका."

बाबांची ती लोखंडी पट्टी आठवते? सतराचा पाढा मी चुकले होते आणि हात तू मध्ये घातलास. हाड मोडल्याचा तो आवाज गुरुवारी पुन्हा ऐकला. "जिन्यावरून पडलो," तू डॉक्टरांना म्हणालास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आपल्या घराला जिना नव्हता, दादा.

आज सकाळी जबाबातलं 'पडली' खोडून मी 'मी मारलं' लिहिलं आणि सही केली. मुख्याध्यापक घामाघूम झाले. नोकरी जाईल, पोलीसही येतील. येऊ देत. तू मात्र वकील शोधत धावू नकोस. या वेळी मध्ये हात घालायचा नाही.

थंडीत तो हात अजून ठणकतो का? कधी विचारलंच नाही.

तेव्हा मान डोलावलेली,
तुझी धाकटी