वरून ओतलेलं पाणी

याहा,

मामा काल येऊन गेला, आणि जाताना जे बोलला ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शाळेत मी तुला आई म्हणायचे, घरात आपल्या बोलीतलं याहा. आता कशालाच ओ यायची नाही, हे कळण्याइतकी मी मोठी झाले आहे. तरी बडोद्यात अजून कुणी भाजीवाली भेटते, मला निरखते आणि विचारते, "तुं पेलां सिस्टरनी दीकरी ने?" त्या नर्सबाईंची लेक ना तू, म्हणून. मग तुझं कौतुक सुरू होतं. सातपुड्यातून आलेल्या बायका दवाखान्याच्या दारातून परत फिरायच्या, तू आपल्या बोलीत हाक मारलीस की आत यायच्या. सुई टोचण्याआधी तू माणसाचा हात हातात घेऊन बसायचीस, मागे कितीही रांग असो. सगळं खरं आहे. मी मान डोलावते, भाजी घेते आणि घरी येते.

सुरतेत प्लेग आला ते दिवस आठवतात? तिकडून गाडी आली की बडोद्यात लोक नाकाला रुमाल लावायचे. साथीच्या वॉर्डातली ड्यूटी तू मागून घेतली होतीस. बाबा म्हणाले, दुसऱ्या कुणाला जाऊ दे की. तू म्हणालीस, सुरतेहून पळून येणाऱ्यांत निम्मी आपल्याच डोंगरातली माणसं असतील, मला बघून तरी ती थांबतील. बाबांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्याशी खेळायला कुणी येईना. तू कामावरून आलीस की मागच्या दारी न्हायचीस, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचीस, आणि तोवर आम्हा दोघा भावंडांना जवळ फिरकू द्यायची नाहीस. धाकटा एकदा धावत येऊन तुझ्या कमरेला बिलगला तर तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. धपाटा घालून स्वतःच रडलीस.

आणि मग ती दुपार. तू नुकतीच न्हाऊन केस पुसते आहेस, आणि पायरीशी मामा उभा आहे. सुरतेला इमारतीच्या कामावर होता, तिथून निघालेला. डोळे लाल, खोकल्याने वाकलेला. आपल्यात भाऊ दारात आला की बहिणीने त्याच्या हातात पाण्याचा लोटा द्यायचा, आणि तो प्यायल्याशिवाय कुणी काही बोलायचं नाही, म्हणून मी लोटा भरून धावले. तू तो माझ्या हातातून हिसकावून घेतलास. "आत जा. दार लाव." मी दार लावलं आणि खिडकीशी उभी राहिले. तू पदर नाकातोंडावर गच्च बांधलास आणि मामाला म्हणालीस, "खाली बस. ओंजळ कर." मग हात लांब करून, वरून पाणी ओतलंस.

असं पाणी कुणाला देतात ते आम्हाला तूच सांगितलं होतंस. तुझ्या बापाला तालुक्याच्या हॉटेलात असंच द्यायचे, पेल्याला शिवू द्यायचे नाहीत. जेवताना तू ते गमतीने सांगायचीस, आणि कुणी हसायचं नाही. मामालाही ते ठाऊक होतं. पाणी त्याच्या बोटांतून गळून गेलं. तो वर बघून म्हणाला, "बाई, तूपण?" शेजारच्या काकी गच्चीवरून ओरडल्या, "बेन, एने घरमां ना लेता." तू मान वर न करता म्हणालीस, "हुं नर्स छुं. मने खबर छे." कोपऱ्यावरचा रिक्षावाला तुम्हाला पाहताच रिक्षा वळवून निघून गेला. तेव्हा तू मामाला दवाखान्याच्या वाटेने पुढे चालायला लावलंस आणि दहा-बारा पावलं मागून निघालीस. मी खिडकीतून हाका मारत होते. तू वळली नाहीस.

बाबांकडे तुझा निरोप आला, रिपोर्ट येईपर्यंत मी वॉर्डातच राहते. ते दिवस आम्ही कसे काढले ते तू कधी विचारलं नाहीस. बाबा खिचडी करायचे आणि सकाळी ती गाईला घालायचे. फाटक वाजलं की वाटायचं, तू गेल्याचं सांगायला कुणी आलं. शेवटी तू आलीस, वाळलेली, पण धडधाकट. मामाला साधा न्युमोनिया निघाला होता. बरा होऊन तो परस्पर गावाकडच्या एसटीत बसला.

त्यानंतर त्याने आपल्या घरात पाऊल टाकलं नाही. दर दिवाळीला तू त्याचं ताट वाढून बसायचीस आणि संध्याकाळी ते आम्हाला वाटून द्यायचीस. माझ्या लग्नात मामाच्या जागी बाबांचे एक दोस्त उभे राहिले. मी चिडले, तर म्हणालीस, "त्याचा राग खरा आहे, त्याला बोलू नको." तू गेलीस तेव्हा तो आला, लांब उभा राहिला, तसाच निघून गेला. मला वाटलं, मेल्यावरही माफ करत नाही, काय माणूस आहे.

काल डोळे दाखवायला म्हणून बडोद्याला आला तो थेट माझ्याकडे. मी सरळ विचारलं, "मामा, एका पाण्याचा एवढा राग?" तो गोंधळला. "कसला राग? ते तुम्हा पोरांसाठी केलं, एवढं मला रस्त्यातच कळलं होतं." मग म्हणाला, "वॉर्डात ताप चढला. वाटलं, आता सुटत नाही. मी तिला म्हटलं, बाई, आता तरी हात लाव. तिने हातमोजे काढले. तोंडावरचं फडकं सोडलं. माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुसरी सिस्टर ओरडत होती, अगं, घरी दोन लेकरं आहेत तुझी. ती उठली नाही. रिपोर्ट वेगळा आला असता तर तुम्ही माझ्यापायी पोरके झाला असता. मग कुठल्या तोंडाने येऊ तुझ्या दारात?"

म्हणजे तो लाजेने येत नव्हता, आणि तू मरेपर्यंत तो राग समजत राहिलीस. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मी त्याला म्हटलं, जाऊ दे मामा, झालं ते झालं. चहा दिला, बसमध्ये बसवून दिलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. भाजीवालीला सांगितलं तर ती तुझा फोटो मागेल, हार घालायला. मी मात्र कालपासून धुमसते आहे. तुझ्या त्या वरून ओतलेल्या पाण्याची मला शरम वाटायची, पण आधारही तेवढाच होता: माझ्या आईने आमच्यासाठी सख्ख्या भावालाही लांब ठेवलं. आता तेही राहिलं नाही. मामाला हे बोलले नाही, कुणाला बोलणारही नाही.

तू ते फडकं सोडायला नको होतंस, याहा.