सातव्या रांगेतले चेहरे

६ ऑक्टोबर
क्सार हेलालला पोचले. गफ्साहून सहा तास बस, कंबरेचे तुकडे पडले, पण मन खुशीत आहे. नोकरी लागली, तीही ऑफिसातली! आईने गल्लीभर सांगून ठेवलंय की आमच्या बेयाला फिरती खुर्ची मिळणार. खुर्ची फिरते, पण फक्त डावीकडे.

इथे जीन्स शिवतात. प्रत्येक जीन्सच्या खिशात एक चौकोनी छाप असतो. फ्रान्समधल्या गिऱ्हाइकाने त्यावर फोन धरला की शिवणाऱ्या बाईचा फोटो, नाव आणि तिच्याबद्दल चार ओळी दिसतात. आमच्याकडे लपवाछपवी नाही, हे कळावं म्हणून. ते फोटो, त्या ओळी आणि तपासणीचे कागद आता माझ्याकडे.

सातव्या रांगेची मुकादम मबरूका मावशी. जेवणाच्या सुट्टीत तिने तबूनाच्या भट्टीतल्या भाकरीला हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, फासून माझ्या हातात कोंबली. म्हणाली, गफ्साच्या पोरी तिखट असतात म्हणे, बघू डोळ्यांत पाणी येतं का. आलं. रांगभर हशा पिकला.

९ ऑक्टोबर
सातव्या रांगेतल्या वासिलाचा फोटो सगळ्यांत देखणा आला. गालावर खळी. काय आवडतं असं विचारलं, तर म्हणाली, झोप! मॅनेजर लस्साद साहेबांनी ते खोडायला लावलं. चमेलीची फुलं लिही म्हणाले. लिहिलं. एवढ्याने काय बिघडतं?

१४ ऑक्टोबर
गिऱ्हाईक कंपनीची तपासणी. हॉल पहिल्या मजल्यावर, जायला-यायला एक जिना, आणि मागे संकटकाळचं दार. त्याचं कुलूप आज सकाळीच निघालं. साहेबांनी दार ओढलं, ते वीतभर आत आलं आणि कापडाच्या ताग्यांना अडलं. उघडतं की नाही, बघ, म्हणाले. मी कागदावर ‘उघडतं’पुढे खूण केली. पाहुण्या बाईंनी माझ्या सहीखाली सही ठोकली. संध्याकाळी कुलूप परत जागेवर.

मावशीला विचारलं, तर म्हणाली, पाहुणे आले की आपण धुतलेली चादर काढतो, पोरी. गेले की घडी घालतो. तू तुझं काम बघ.

२१ ऑक्टोबर
लियोंहून एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं: तुमच्या शिवणाऱ्या बाईचं तोंड काळं का?

पाहिलं. वासिलाच्या फोटोत नाकापासून ओठापर्यंत काजळी. मनात शंकेची पाल चुकचुकली. कुणीतरी खोडी काढतंय. माझ्या संगणकाचा परवलीचा शब्द साहेबांना ठाऊक आहे, आणि जाता-येता मावशीही पडद्यात डोकावते. शब्द बदलला. नवा फोटो लावला.

२३ ऑक्टोबर
पुन्हा काजळी. आता तिचे डोळेही मिटलेले. मी मिटलेल्या डोळ्यांचा फोटो काढलाच नव्हता.

मावशीवर सरळ आरोप केला. ती भडकली. माझ्याकडे साधा फोन नाही, ह्या बोटांनी सुई चालते, तुझी जादू नाही, म्हणाली. मला अजूनही तिची खात्री वाटत नाही. कुणाचीच वाटत नाही.

२५ ऑक्टोबर
वासिला गेली. सकाळी तिच्या मशीनची मोटर जळाली. आग मुठीएवढी, पण धूर सगळा तिच्या तोंडावर. मागचं दार जवळ होतं. कुलूप होतं.

मावशीने ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. नाकापासून ओठापर्यंत काळं. फोटोतल्यासारखं. अगदी तसंच.

साहेब म्हणाले, मृत्यूचं कारण दमा लिही. लिहिलं. माझी मला किळस आली.

२८ ऑक्टोबर
सातव्या रांगेतले सगळे एकतीस चेहरे काळे. डोळे मिटलेले.

साहेबांना दाखवले. त्यांनी झटकन पडदा बंद केला, म्हणजे त्यांनाही दिसतात! तरी म्हणाले, जुने फोटो चिकटव, गुरुवारी माल जायचाय. मी मागच्या दाराची किल्ली मागितली. त्या दारातून कापड चोरीला जातं, म्हणाले. मग विचारलं, तुला गफ्साला परत जायचंय का?

२९ ऑक्टोबर
बायकांना दाखवले. आधी हसल्या. मग जी ती आपला फोटो शोधू लागली, आणि हसणं थांबलं. घरी जा म्हटलं. एकही हलली नाही. म्हणाल्या, पगार बुडाला तर चूल कोण पेटवणार, तू?

मावशी मात्र जवळ आली. म्हणाली, वासिलाला मीच त्या जागी बसवलं होतं. उद्या जेवणाच्या सुट्टीत कुलूप तोडू.

३० ऑक्टोबर, सकाळ
एकतीस नाहीत. बत्तीस आहेत. शेवटचा फोटो मी काढलेला नाही. त्याखाली बेया लिहिलंय. आवड — चमेलीची फुलं.

३० ऑक्टोबर, दुपार
तागे हटवले. मावशीने हातोडा घातला. कुलूप तुटलं. दार ओढलं.

विटा.

दारामागे भिंत. शेजारच्यांनी गोदाम चढवलं ते ह्याच दाराला चिकटून — मी त्या दिवशी डोकं घालूनसुद्धा पाहिलं नाही. वीतभर सरकलं, तेवढ्यावर खूण —

जिन्याकडून जळका वास. इस्त्रीकडे कुणीतरी ओरडतंय. दिवे गेले. मावशी विटांवर हातोडा मारतेय, एक वीट हलतेय, एकच —

निदान इथे तरी खरं लिहिते: ती खूण माझी. बाकी कुणाची —

धूर. मागून सगळ्या ढकलताहेत, विचारताहेत, बेया, दार उघडलं का? बेया, सांग ना.

मी ओरडून सांगते, उघ—