स्वखुशीने

प्रिय मंजुळाअक्का,

तुला तिकडं सोयगावात खरं वाटणार नाही, पण दहावी नापास झालेला तुझा भाऊ आता वकिली शिकणाऱ्या पोरांचं मासिक तपासतो. ती कोर्टाच्या निकालांवर लिहितात. मी औरंगपुऱ्यातल्या दुकानात ते टाइप करतो आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो.

या अंकात हक्कसोडपत्रावर लेख आहे. बहीण भावासाठी जमिनीतला हिस्सा सोडते तेव्हा तो खरंच 'स्वखुशीने' सोडते का, असं त्यात विचारलंय. दुपारभर तो शब्द पडद्यावर पाण्याखाली असल्यासारखा हलत राहिला. त्याच्यामागं तू दिसत होतीस. कन्नडच्या कचेरीचा ओटा, हातात पेन, आणि तू विचारतेस, "कुठं करू सही, अज्या?"

तुझ्या हक्कसोडपत्राचा तो कागद मीच लिहिला होता. त्यात एकही चूक नव्हती. फक्त तुला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

संध्याकाळी मासिकाची संपादक तनुजा पानं बघून हसली. "अजिनाथभाऊ, तुमच्या हातून चूक? 'स्व' आणि 'खुशीने' तोडलंय की!"

मला तो शब्द जोडवलाच नव्हता. मी विचारलं, "ताई, असा कागद रद्द होतो का?"

"ते नंतर बघू. बहिणीला काय पाहिजे, ते विचारलं का तिला?"

अक्का, हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. यातही मीच बोलतोय. रविवारच्या एसटीनं येतो. तू बोल. मी लिहून घेईन, एकही अक्षर न सुधारता.

तुझा
अज्या