लांबच्या फेरीचं तेल

३ जुलै, बुधवार

आईने आज स्कार्वॉयचं नाव घेतलं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा.

मी तिची नखं कापत होते. वृद्धाश्रमाच्या तिच्या खिडकीतून खाडी दिसते, खाडीपलीकडे आमचं बेट, आणि दिवस अगदी स्वच्छ असला तर त्याच्याही मागे एक करडी रेघ. ती रेघ म्हणजे स्कार्वॉय. आई तिकडे बघत म्हणाली, "मला तिकडे ने."

"कुठे?"

"तुझा जन्म झाला तिथे. दुसरं कुठे?"

सोल्वी औषधं घेऊन आली होती. ती इथली नर्स, मनाने चांगली. म्हणाली, माझ्या भावाकडे स्पीडबोट आहे, आजी, वीस मिनिटांत पोचवेल. आईने हात मागे ओढून घेतला. "टेर्नाने जायचं. नाहीतर राहू दे."

टेर्ना बाबांची बोट. बाबा गेले त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून ती शेडमध्ये आहे. मी त्या शेडचं दार एकदाही उघडलेलं नाही.

सोल्वी जाताना मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, जे काही करायचं ते याच महिन्यात करा. हृदय थकलंय त्यांचं.

५ जुलै, शुक्रवार

दार उघडलं. ओडमुनने पहार लावली तेव्हा कुठे हललं.

ओडमुन शेजारी. चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर लाँचवर इंजिन सांभाळलं, आता माझ्या बटाट्यांच्या वाफ्यांवरून मला अक्कल शिकवतो. आत गेलो. अंधार, डांबराचा वास, आणि फळ्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या टेर्नाच्या अंगावर. झोपलेलं जनावर असावं तशी दिसली. ओडमुनने टोपी काढली.

"अगं, ही तर ठणठणीत आहे. आनफिनने काय निगा राखलीय."

आनफिन म्हणजे माझे बाबा. बाबांनी बोटीची निगा राखली. आम्हाला मात्र स्कार्वॉयवरून उचललं आणि इथे आणून टाकलं. सरकारने तेव्हा लहान बेटं रिकामी करायला काढली होती. प्रत्येक घराने कागदावर हो म्हणायचं, सगळ्यांचं हो आलं तरच नवं घर बांधायला मदत. स्कार्वॉयवर पाच घरं. चौघांचं हो आधीच आलेलं, अडून बसले होते ते एकटे बाबा. आणि एका सकाळी त्यांचंही आलं. आजी, त्यांची स्वतःची आई, त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मी बोलले होते. पुढे, एकोणीस वर्षांची झाल्यावर. म्हटलं, तुम्ही आम्हाला विकलंत. त्यांनी चिंधीला हात पुसले आणि या शेडमध्ये निघून आले.

६ जुलै, शनिवार

तेल!

मागच्या फळीवर बाबांचे डबे सापडले. इंजिन ऑइलचे नऊ पत्र्याचे डबे, पाच-पाच लिटरचे, एका रांगेत. प्रत्येकावर पेन्सिलीने साल. पहिल्यावर १९९६, शेवटच्यावर २००४.

मी म्हटलं, टाकून द्यायचे हे. नवं मागवू.

ओडमुन डब्यासमोर उकिडवा बसला होता, जसं कुणी लहान मुलापुढे बसतं. म्हणाला, "नवं तेल या म्हातारीला चालायचं नाही. आजच्या तेलात औषधं असतात — मळ सोडवणारी. हिच्या पोटात साठ वर्षांचा मळ आहे. तो सुटला की नळ्या तुंबल्या. हिला साधंच तेल हवं. दुकानात ते मिळत नाही, मुख्य भूमीवरून मागवायचं तर तीन आठवडे."

तीन आठवडे आईकडे आहेत की नाहीत, कोण जाणे.

"मग हे किती वर्षं टिकतं?"

"डब्यावर वाचशील तर पाच. मला विचारशील तर डब्याला विचार."

७ जुलै, रविवार

पाऊस. दिवसभर वाफल्स केले, एकटीने खाल्ले. बाबांचं अक्षर मी विसरले होते. त्यांचा ९ खाली वळून मांजराच्या शेपटीसारखा होतो.

८ जुलै, सोमवार

ओडमुनने डब्यांची तपासणी केली. दवाखाना थाटल्यासारखी.

१९९६ चा तळाशी गंजलेला. उचलला तर फळीवर काळं वर्तुळ. बाद. १९९७ चा कधीतरी उघडलेला, झाकण सैल. त्याने ओतून दाखवलं — दुधाळ, कॉफीत साय घातल्यासारखं. "हवा आत गेली की तिच्याबरोबर ओल येते. रात्री गार, दिवसा गरम, डब्याला आतून घाम सुटतो. उघडलेलं तेल वर्षभरात वापरावं, नाहीतर कुंपणाला फासावं."

उरलेले सात बंद. प्रत्येक डबा दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला, मग माझ्या जॅमच्या सात बरण्यांत थोडं थोडं ओतलं. वर कागदाच्या चिठ्ठ्या. बरण्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या.

"आता दोन दिवस हात लावायचा नाही. तळाशी काय बसतं ते बघायचं."

"आणि काहीच नाही बसलं तर?"

"तर तेल अजून तेलच आहे."

९ जुलै, मंगळवार

बरण्यांकडे बघत बसले. दुसरं काही केलं नाही.

जुलैतला आमचा सूर्य घाईत नसतो. तिरपा येतो आणि थांबतो. त्या सात बरण्यांतून ऊन आलं आणि ओट्यावर सात पिवळे डाग पडले. मध, चहा, मध, जुनं लाकूड. डाग हळूहळू ओट्यावरून खाली उतरले, जमिनीवर आले, माझ्या पायांवर चढले. मला डुलकी लागली असावी. स्कार्वॉयवरचं घर दिसलं, पण त्यात पाणी भरलं होतं, आणि पाणी पिवळं होतं, आणि बाबा त्या पाण्यातून अगदी सावकाश चालत खिडकीपर्यंत आले. काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होते. मला उलटं वाचता येईना.

उठले तेव्हा बटाटे करपले होते.

१० जुलै, बुधवार

१९९८ आणि २००० च्या बरण्यांत तळाशी साका. ओडमुनने दोन्ही बाजूला सारल्या. राहिलेल्या पाच काचेसारख्या स्वच्छ. वास घेतला — आंबूस नाही. मग माझा चांगला बिडाचा तवा तापवला आणि एकेक थेंब टाकला.

"कान दे. तडतडलं तर पाणी."

आम्ही दोघं तव्यावर वाकलो. काहीच आवाज नाही. नुसता धूर, आणि बाबांच्या कोटाचा वास.

"पंधरा-वीस वर्षं," ओडमुन म्हणाला. "आणि कालच भरल्यासारखं. साध्या तेलाचं हे असतं. खाली बसायला त्यात फारसं काही नसतंच. अंधार, कोरडी जागा, घट्ट झाकण, बास. पण हे या इंजिनापुरतं हं. तुझ्या गाडीत घालशील तर मी ओळख देणार नाही."

कॉफी पिताना म्हणाला, "तुला ठाऊक आहे का, आनफिन दर वसंतात एक डबा बाजूला काढून ठेवायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही. पुढच्या वर्षी तो मासेमारीत वापरायचा आणि नवा आणून ठेवायचा. मासेमारी सोडली तेव्हापासून साठत गेले."

"कशासाठी?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, लांबच्या फेरीसाठी. लांबच्या फेरीला शिळं तेल नको."

"लांबची फेरी कुठली?"

"ते नाही सांगितलं."

१३ जुलै, शनिवार

टेर्ना पाण्यात. फळ्या फुगून फटी बुजेपर्यंत दोन दिवस गळत राहिली, आम्ही आळीपाळीने पाणी उपसलं. कंबर धरली.

१५ जुलै, सोमवार

सुरू झाली.

या इंजिनाचं डोकं आधी जाळावर तापवावं लागतं. पाव तास ओडमुन जाळ धरून उभा. मग मोठ्या चाकाला झटका. एकदा, दोनदा, पाचव्यांदा — आणि डुंक. मग बराच वेळ काही नाही. मग डुंक... डुंक... डुंक.

मी धक्क्यावर बसले. हा आवाज कानात नाही येत, बरगड्यांत येतो. लहानपणी अंथरुणात ऐकायचे, आणि कळायचं, बाबा परत आले.

दुपारी सोल्वीचा फोन. "मावशी, तुम्ही तिकडे काय केलंत? आजी जेवण टाकून खिडकीशी गेल्या. काठीशिवाय."

१६ जुलै, मंगळवार

डॉक्टर नको म्हणाले. आई म्हणाली, "मी त्र्याण्णव वर्षांची आहे. तुम्ही मला कशापासून वाचवताय?" त्यांनी परवानगी दिली. सोल्वी बरोबर येणार.

१८ जुलै, गुरुवार

गेलो. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

वारा नव्हता. समुद्र आणि आभाळ दोन्ही एकाच पांढऱ्या रंगाचे, मधली रेघच पुसलेली. आई केबिनच्या दाराशी खुर्चीत, अंगावर दोन घोंगड्या. "यॉर्डिसकाकू, गार लागतंय का?" ओडमुन दर पाच मिनिटांनी विचारी. "तू इंजिनाकडे बघ," ती दर वेळी सांगे.

इंजिनावर एक काचेची नळी आहे. तिच्यातून तेल थेंबाथेंबाने आत पडताना दिसतं. २००४ च्या डब्यातलं तेल. मी तेच बघत होते. एक थेंब फुगतो, थांबतो, सुटतो. असं वाटत होतं की बोट पुढे जातच नाहीये, हे थेंब पडतायत म्हणून तेवढं बेट जवळ येतंय.

अर्ध्या वाटेवर थेंब थांबला.

ओडमुनने तत्क्षणी इंजिन बंद केलं. "तेल नाही, नळी," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तेलाविना इंजिन चाललं असतं तर जागीच जॅम झालं असतं. तो तार घेऊन वाकला. सोल्वीने आईची नाडी धरली.

आणि शांतता. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. टेर्ना पांढऱ्यात लोंबकळत होती. कुठूनतरी आयडर बदकांचा घुमणारा आवाज, जवळ की दूर कळेना.

आई म्हणाली, "असंच होतं त्या दिवशी. फक्त पांढरं बर्फाचं होतं."

मला लगेच कळलं, स्वेरेचा दिवस. माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा. घसा सुजला. तीन दिवस वादळ, डॉक्टर येऊ शकला नाही. मी आठ वर्षांची होते. त्याच्या श्वासाचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि मग येईनासा झाला. आई त्याच्याबद्दल कधी बोलत नसे.

"तुझे बाबा तीनदा निघाले याच बोटीने," ती म्हणाली. "तीनदा समुद्राने परत फेकलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा हाताची बोटं उघडत नव्हती. मी गरम पाण्यात धरली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओडमुनने नळीतून काळी गुठळी ओढून काढली. जुना मळ, तांदळाच्या दाण्याएवढा. पुन्हा जाळ, पुन्हा झटका. थेंब पडायला लागला. मी मोजले, वीसपर्यंत, मग रडू आल्यामुळे चुकले.

स्कार्वॉयवर घरांचे नुसते पाये उरलेत, त्यांत गुलाबी फुलं. आई कुठे हिंडली नाही. ओडमुनने तिला उचलून धक्क्याच्या दगडावर बसवलं, आणि ती तासभर तिथेच बसली. आम्ही फ्लॅटब्रेडवर तपकिरी चीज खाल्लं. तिने घेतलं नाही. आमच्या घराकडे तिची पाठ होती. तोंड पाण्याकडे, आम्ही आलो त्या बाजूला.

निघताना म्हणाली, "तो मला दर उन्हाळ्यात विचारायचा. येतेस का, एकदा बघून येऊ? मी दर उन्हाळ्यात नाही म्हणायचे."

"का?"

तिने हात पुढे केला, म्हणजे उचला मला.

१९ जुलै, शुक्रवार

झोपले. दिवसभर.

२१ जुलै, रविवार

आईला बरं आहे. सोल्वी म्हणते, भूक लागते आता. ओडमुन उरलेले चार डबे परत फळीवर ठेवायला गेला, घट्ट बंद करून. मी म्हटलं, मीही येते. शेडमध्ये बराच वेळ बसलो. उन्हाच्या पट्ट्या आल्या आणि गेल्या.

वाटलं, घडायचं ते घडलं, तिने जागा बघितली, आता संपलं.

२३ जुलै, मंगळवार

सूप भरवत होते. आई चमचा बाजूला सारून म्हणाली, "त्या कागदावरची सही तुझ्या बाबांची नव्हती. तो नाहीच म्हणत राहिला. मी केली, त्याच्या नावाने. स्वेरेनंतर मला तिथे आणखी एक हिवाळा काढवला नसता. त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने कुणालाच सांगितलं नाही — आपल्या आईलासुद्धा नाही, तुलासुद्धा नाही."

मी उरलेलं सूप भरवलं.