टेलरकाकांच्या नऊ फेऱ्या

३ जून

दोनशे अठ्ठ्याऐंशी! अवघ्या बारा मीटरसाठी गेलं. माझाच जीव हळहळला.

आजचे पेशंट टेलरकाका. वय अडुसष्ट, फुप्फुसं कुरकुरणारी, मिश्या मात्र इस्त्री केल्यासारख्या. सर्जनसाहेबांची अट सरळ – सहा मिनिटांत तीनशे मीटर चाललात तर ऑपरेशन, नाहीतर गोळ्या आणि खुर्ची. काकांचं दुकान चौदा पायऱ्या वर. शिलाई मशीनही तिथेच. दोन महिने त्यांनी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

चाचणी मी घेते, पण नियमाप्रमाणे सोबत चालायचं नाही. घड्याळ धरून उभं राहायचं आणि दर मिनिटाला एकाच सुरात ठरलेलं वाक्य – छान चालला आहात, अजून चार मिनिटं आहेत. माझ्यापेक्षा पोपट बरा! मनातल्या मनात मी ओरडत होते – चला काका, चला! तीस मीटरच्या कॉरिडॉरच्या नऊ फेऱ्या आणि वर अठरा मीटर, तिथेच वेळ संपली.

दम खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "बाई, हा कॉरिडॉर तीस मीटरपेक्षा मोठा आहे."

नापास झालेला प्रत्येक जण पेपरलाच नावं ठेवतो. कोणी बुटांना, कोणी फरशीला. मी हसून सोडून दिलं. जानेवारीत नवी फरशी बसली तेव्हा दोन्ही टोकांच्या पट्ट्या मीच चिकटवल्या आहेत, स्वतः मोजून!

४ जून

बाबांना सांगितलं. म्हणाले, तुझ्या काकांना सांग, नापासांच्या बाकावर माझ्या शेजारी जागा आहे. मार्चमध्ये याच कॉरिडॉरमध्ये त्यांचंही थोडक्यात हुकलं. घरचा माणूस म्हणून चाचणी मी घेतली नाही, मैत्रिणीने घेतली. तेव्हापासून खिडकीतली खुर्ची आणि शब्दकोडं. विनोद चालूच असतात, पण बूट कपाटात गेले ते गेलेच. मला ते बूट बघवत नाहीत.

७ जून

लिफ्ट बंद. पाच मजले! आज माझीच चाचणी झाली.

१० जून

काका रिपोर्ट न्यायला आले. परवा सर्जनसाहेब यादी पक्की करणार, म्हणजे काकांचा विषय संपलाच होता. जाता जाता त्यांनी विचारलं, मोजलं कशाने? मी स्टोअरमधली जुनी कापडी टेप तोऱ्यात आणून दाखवली. त्यांनी खिशातली आपली टेप काढून शेजारी धरली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"कापडी टेप वापरून वापरून ताणते, बाई. मी दरवर्षी नवी घेतो. नाहीतर गिऱ्हाईक भांडायला दारात."

प्लंबरकडून स्टीलची टेप मागून आणली. एक टोक काकांनी धरलं, एक मी. साडेएकतीस मीटर!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे तीनशे दोन. तिथूनच सर्जनसाहेबांना फोन लावला, चूक माझी म्हणून सांगितलं. ते म्हणाले, नाव घालतो यादीत, आणि ती टेप आधी फेका. काकांनी ती मागून घेतली. दुकानात टांगणार म्हणे, कारागिरांना दाखवायला!

घरी बाबांना सगळं साभिनय सांगितलं. पोट धरून हसले. मग एकदम शब्दकोड्यात डोकं घालून कडेला कसले तरी आकडे मांडू लागले. माझं तोंड काही थांबत नव्हतं.

११ जून

जानेवारीपासूनच्या सगळ्या फायली काढल्या. प्रत्येक आकडा नव्याने. मार्च. बाबा – दोनशे एक्क्याण्णव.

म्हणजे तीनशे पाच.

जेवायच्या सुट्टीत घरी धावले. कपाटातून बूट काढले, ओढणीनेच धूळ पुसली, खुर्चीपाशी खाली बसले.

"बाबा, पाय पुढे करा."

त्यांनी कालपासूनच मोजे घातलेले होते.