सोमवारी संपवलेला ईस्टर

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ईस्टरचा सोमवार उजाडला की अजून माझं डोकं फिरतं. उपवासकाळात तुमचा काय दरारा असायचा! मटण-मासळी बंद, रेडिओ बंद, टीव्हीवर चादर. आई पोळ्या लाटताना नुसती गुणगुणली तरी तुमची भुवई वर जायची. मग ईस्टरचा एक रविवार. टेबलावर पांढरं कापड, मटणाचा रस्सा, वडे. सोमवारी सकाळी चिकपेटच्या साड्यांच्या दुकानात कामाला निघण्याआधी तुम्ही स्वतः ते कापड घडी घालून कपाटात ठेवायचात. "झाला सण. आता कामाला लागा." फादर दरवर्षी सांगायचे, ईस्टर एका दिवसाचा नाही, थेट पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो, उपवासाच्या चाळीस दिवसांपेक्षा आनंदाचे दिवस जास्त. तुम्ही पुढच्या बाकावर बसून मान डोलवायचात. उपवास मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पाळलात, आणि आनंद चोवीस तासांत आवरलात.

अक्काने तिच्या ऑफिसातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं, तो धारवाडकडचा, हिंदू. त्यानंतर दोन-तीन महिने तुम्ही घरात तिचं नाव काढू दिलं नाहीत. ईस्टरच्या सोमवारी संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. मी दार उघडतो, ती हसते, हातात केकचा खोका. मागून तुम्ही येता आणि मला बाजूला सारता.

"काय काम आहे?"

"अप्पा, ईस्टरचं भेटायला आलो."

"ईस्टर काल झाला."

"फादर तर म्हणतात, पेंटेकॉस्टपर्यंत ईस्टरच असतो."

"मग फादरांकडे जा जेवायला."

तिचा नवरा त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत हळूच म्हणाला, "स्वल्प आईंना तरी भेटू द्या." तुम्ही दार लावलंत. स्वयंपाकघरात आई रश्शाचं पातेलं गरम करत होती, अक्कासाठीच काढून ठेवलेलं. तिने गॅस बंद केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. पुढच्या रविवारी फादरांनी शुभवर्तमान वाचलं: शिष्य भीतीने दारं लावून बसलेत आणि प्रभू आत येऊन उभा राहतो. तुम्ही हात जोडून ऐकत होतात. मी तुमच्याकडे टक लावून बघत होतो. काहीही हललं नाही तुमच्या चेहऱ्यावर.

आईला पुन्हा कधी लेकीला वाढता आलं नाही, अप्पा. आई गेली तेव्हा अक्का आली. तुम्ही तिला मूठभर माती टाकू दिलीत, पण घरी चल म्हणाला नाहीत. हे मला गिळता येत नाही. तुमचा स्वभाव कडक होता, तुम्ही गरिबीतून वर आलात, हे सगळे सांगतात. सांगू देत. तुम्हाला सणाची मुदत ठाऊक होती आणि तुम्ही ती मुद्दाम कापलीत, जेवायला आलेल्या पोरीला दारातून परतवण्यासाठी.

आता व्हाइटफील्डच्या माझ्या फ्लॅटमध्ये पेंटेकॉस्टपर्यंत प्रत्येक रविवारी टेबलावर पांढरं कापड असतं. अक्का, भावोजी, त्यांच्या मुली येतात, के. आर. पुरमपासून ट्रॅफिकला शिव्या घालत. बायको म्हणते, "किती तो उत्साह!" तिला काय सांगू? हा सण मी रागाने साजरा करतो.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर अक्का म्हणाली, "चल, अप्पांकडे जाऊन येऊ."

"कशाला?"

"अरे, ईस्टर चालू आहे अजून."

मला तिचाही राग आला. कबरस्तानापर्यंत गाडी चालवली, पण आत गेलो नाही. ती एकटी गेली, तुमच्या दगडावरचा पाला झाडला, मेणबत्ती लावली आणि बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि मी गाडी सुरू केली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला माफ केलंय असं त्यात कुठे लिहिता आलं नाही, यंदाही. फक्त एवढंच, की त्या दिवशी वारा सुटला होता, आणि फाटकाबाहेर उभा राहून मी सगळा वेळ मेणबत्ती विझत तर नाही ना, तेच बघत होतो.